पानाच्या मापानं कापलेलं लुगडं: एक प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरांत विड्या वळण्यातच दोन-तीन पिढ्या गेल्या, तिथं आई गेल्यावर लेकीच्या मनात नुसतं दुःख नसतं. राग असतो, जुने हिशेब असतात, आणि गेलेल्या माणसावर रागावतोय याची लाजही असते. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत ही शिकवण इतकी पक्की, की तो राग कुणापुढं काढायचीही सोय राहत नाही. अशा वेळी आईच्याच वस्तू घेऊन हातानं काही करत बसण्याचा खरा उपयोग होतो. पण आधी काय, नंतर काय, काय कापायचं आणि काय मुळीच नाही, यात चूक झाली तर जखम नुसती उघडी पडते. म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडलं आहे. यातली लेक ही कुणी एक बाई नाही. ओळख पटू नये म्हणून एकमेकींशी मिळत्याजुळत्या परिस्थिती एकत्र करून ती उभी केली आहे.

परिस्थिती

लेक ४७ वर्षांची, घरात थोरली. सातवीत शाळा सुटली. आई कारखान्यातून पान-तंबाखू घरी आणायची. भिजवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापावर कापून द्यायची लेकीनं, आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आईनं. रोजची हजार विडी पुरी व्हायलाच हवी. पान वाकडं कापलं गेलं की विडी सैल होते, आणि तपासणीत खराब ठरलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला निघतात. त्यांचा पैसा मिळत नाही. "तुझ्यामुळं छाट निघाली" हे वाक्य लेकीनं लहानपणी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. "हात चालव, तोंड नको" हे दुसरं. धाकटा भाऊ शिकला, नोकरीला लागला. लेक लग्नानंतर घरी मशीन घालून नगावर टॉवेलची शिलाई करू लागली.

आई शेवटची दोन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं लेकीनंच केलं. आई गेली तेव्हा तिला रडू आलं नाही, आणि पुढं वर्ष उलटलं तरी आलं नाही. आईच्या ट्रंकेला तिनं हात लावला नव्हता. "आईची गोधडी करायची" एवढंच ती म्हणत होती.

ट्रंक उघडली तेव्हा वर भावाच्या गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेल्या निघाल्या. लेकीचं काहीच नव्हतं. ना फोटो, ना शाळेचा दाखला. खाली तीन लुगडी, त्यातलं एक इरकली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पान कापायचं पत्र्याचं माप आणि कात्री. ट्रंक उघडायच्या आधीच एक गोष्ट लेकीशी बोलून ठेवावी लागते: आईनं आपल्यासाठी काहीतरी जपून ठेवलं असेल, या आशेवर काम उभं करायचं नाही. बहुतेक ट्रंकांत तसं काही नसतं. ते न मिळाल्याचा धक्का कामाच्या पहिल्याच दिवशी बसला, तर पुढं हात चालत नाही.

आधी चित्र, कात्री नंतर

शिवणकाम येणाऱ्या बाईचा धोका हा, की ती लगेच शिवायला बसते. या लेकीचा हात मशीनवर इतका बसलेला, की अख्खी गोधडी ती दोन दिवसांत उरकून मोकळी झाली असती. म्हणून पहिले काही दिवस कापड बाहेर काढायचंच नाही असं ठरलं. फक्त ए-३ आकाराचा ड्रॉइंग पेपर, २बी आणि ४बी पेन्सिल, आणि समोर एक वस्तू.

पद्धत सोपी आहे. वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवायची. नजर वस्तूच्या कडेवरून हळूहळू फिरवायची आणि पेन्सिल त्याच गतीनं चालवायची, कागदाकडं न बघता. एका चित्राला पाच मिनिटं. चित्र वाकडंच येतं, यायलाही हवं. जिचा सगळा जन्म वाकडं कापलं म्हणून बोलणी खाण्यात गेला, तिच्यासाठी वाकडी रेघ कागदावर तशीच राहू देणं हेच मोठं काम असतं. खोडरबर द्यायचं नाही. त्यानंतर तीच वस्तू मूळ मापाची, नीट बघून काढायची. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

कात्रीचं दुसरं चित्र काढताना लेकीचा हात थांबला. कात्रीच्या दोन्ही कड्यांना जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती, वरून दोऱ्यानं बांधलेली. ही चिंधी तिनं जन्मभर पाहिली होती. पण माप घेऊन रेघ काढताना लक्षात आलं, की त्या कड्यात आता तिचं बोट शिरत नाही, आणि आईचंही कधी शिरलं नसतं. चिंधी बारा वर्षांच्या मुलीच्या बोटासाठी गुंडाळलेली होती. बोटाला फोड येऊ नये म्हणून. आणि फोड आला नाही तर पानं जास्त कापून होतील म्हणूनही.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती हीच. हे काम करवून घ्यायला लेकीसोबत बसणाऱ्या माणसाला इथं फार मोह होतो: "बघा, आईचं प्रेम होतंच की." ते म्हणायचं नाही. "म्हणजे तुम्हाला राबवायलाच ना" असंही म्हणायचं नाही. चिंधीत दोन्ही आहे आणि ते वेगळं काढता येत नाही. पुढचं सगळं काम एवढ्यासाठीच होतं, की या दोन्ही गोष्टी एकाच कापडावर राहाव्यात आणि एकीनं दुसरीला झाकू नये. चिंधी उसवायची नाही आणि कात्री या कामात वापरायची नाही, हे लेकीनं स्वतःच ठरवलं.

लुगडं किती लागतं

घरात पहिली अडचण भावाकडून आली. आईचं लुगडं कापायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मावशीचंही तेच. अशा वेळी भावनेपेक्षा मोजणी कामाला येते. पूर्ण अंथरायची गोधडी करायचीच नाही असं आधी ठरलं, ६० × ४५ सेंटिमीटरचीच करायची. ट्रंकेतल्या पत्र्याच्या मापाचा आकार ६ × ४.५ सेंटिमीटर. म्हणजे आडवे दहा, उभे दहा, एकूण १०० तुकडे. शिवणीसाठी चारी बाजूंनी ७ मिलिमीटर सोडले तर एक तुकडा ७.४ × ५.९ सेंटिमीटरचा कापावा लागतो. लुगड्याचा पन्हा साधारण सव्वा मीटर असतो. फाटका भाग वगळूनही अर्ध्या मीटरमध्ये हे सगळं बसतं. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास. रोजच्या वापरातल्या, आधीच विरलेल्या एका लुगड्याचा अर्धा मीटर लागणार आणि इरकलीला हातही लागणार नाही, हे कळल्यावर भाऊ तयार झाला. इरकली लुगडं त्याच्याकडं गेलं.

ज्यांना इरकलीच वापरायचं आहे त्यांच्यासाठी: अंग सुती असतं आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा. पदराचे उभे धागे अंगाच्या धाग्यांत फास घालून जोडलेले असतात. त्या सांध्यावर कात्री लावू नये, फास उसवू लागतात. कृत्रिम रेशीम ओलं असताना फार कमकुवत होतं. ते पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सपाट वाळवायचं.

धुण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे वासाचा तुकडा वेगळा काढायचा. लुगड्याला तंबाखूचा आणि आईच्या अंगाचा वास असतो. एकदा धुतलं की तो परत येत नाही, आणि "धुवायला नको होतं" ही हळहळ नंतर फार छळते. तळहाताएवढा तुकडा न धुता स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, त्यात डांबरगोळ्या टाकू नयेत. दुसरी गोष्ट रंगाची. पांढरं सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून काठावर दोन मिनिटं दाबून धरायचं. फडक्यावर लाल उतरला तर तो काठ पांढऱ्या कापडाशेजारी घ्यायचा नाही. मिठाच्या पाण्यात बुडवलं की जुन्या कापडाचा रंग पक्का होतो, हा समज खरा नाही. सुटा रंग पुढच्या पाण्यालाही जातोच.

मग कापड उजेडासमोर धरायचं. जिथं जाळी दिसते तिथं दोन्ही हातांनी हलकं ताणून बघायचं. विरलं, चर्र आवाज आला, तर तो भाग एकट्यानं टिकणार नाही. पण फेकायचाही नाही. मागं मलमलीचा तेवढाच तुकडा लावून दोन्ही मिळून एकच समजायचे.

कुठं बिघडलं

पहिला बिघाड कापताना. "आज दहाच तुकडे" असं ठरलेलं असताना लेकीनं एका बैठकीत साठ-बासष्ट कापून टाकले. नगाच्या कामाची सवय. हात सुटला की डोकं बंद होतं आणि आकडा वाढत जातो. त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही तिला झोप लागली नाही. अंगात कापरं, आणि कानात आईचा आवाज. शिवाय तुकडे अगदी पत्र्याच्या मापाबरहुकूम कापलेले, शिवणीला जागाच नाही. पान तसंच कापायचं असतं, मापाबाहेर एक केसही नाही. ते शिवले असते तर प्रत्येक तुकडा दिसायला फक्त ४.६ × ३.१ सेंटिमीटरचा उरला असता.

त्यानंतर नियम ठरला तो असा: माप आधी पुठ्ठ्यावर उतरवायचं आणि पुठ्ठ्यावरच बाहेरून ७ मिलिमीटरची रेघ मारायची. पत्रा थेट कापडावर ठेवायचा नाही. एक तर त्याची कड धारदार असते, आणि जुन्या पत्र्याचा गंज ओलसर कापडावर उतरला की तपकिरी डाग सहजासहजी निघत नाही. कापण्याची बैठक आणि शिवण्याची बैठक एकाच दिवशी नाही. एका बैठकीत दहा तुकडे, आणि ते मोजायचे नाहीत. दहाच पुठ्ठे कापून ठेवायचे. पुठ्ठे संपले की काम संपलं. ज्या बाईचं पोट मोजण्यावर चालतं तिला "मोजू नका" म्हणून काही होत नाही. मोजायची गरजच पडणार नाही अशी सोय करून द्यावी लागते.

दुसरा बिघाड दोऱ्याचा. घरातल्या मशीनचा पॉलिस्टर दोरा तिनं सुईत ओवला. तो जुन्या सुतापेक्षा कितीतरी चिवट. ताण आला की दोरा तुटत नाही, कापड तुटतं, आणि टाक्याच्या रेघेवरच फाटत जातं. सुती दोरा, बारीक ९ नंबरची सुई, आणि टाका ४-५ मिलिमीटरचा धावदोरा. मशीन अजिबात नाही. मशीनवर ती इतकी तरबेज, की तिथं तिला काही जाणवलंच नसतं. हातशिलाईत प्रत्येक टाक्याला कापड धरावं लागतं.

तिसरा बिघाड आतल्या थराचा. सोलापुरात घराघरांत चादर असते, म्हणून आत आईचीच जुनी चादर घालायचं ठरलं. पण जेकॉर्डचं विणकाम घट्ट आणि जाड. बारीक सुई वाकली, अंगठ्याला भोक पडलं. टॉवेल घातला तर त्याच्या फासांत सुई अडकते. शेवटी मऊ धोतराचे दोन थर घातले. तीन-चार थर एकत्र धरताना आधी मधोमध सुरू करून बाहेरच्या दिशेनं मोठे कच्चे टाके घालायचे, दोन रांगांत ८-१० सेंटिमीटर अंतर ठेवून. कडेपासून सुरुवात केली तर मध्ये फुगा येतो आणि चुण्या पडतात. पक्की शिलाई झाल्यावरच कच्चे टाके ओढून काढायचे.

छाटीचं काय झालं

मापाला चुकलेले ते साठ-बासष्ट तुकडे लेकीनं कचऱ्यात टाकायला काढले होते. इथं सोबतच्या बाईंनी एकच विचारलं, "ताई, याला तुमच्याकडं काय म्हणायचे?" ती म्हणाली, "छाट." थोडा वेळ ती तशीच बसून राहिली, आणि मग ते सगळे तुकडे तिनं परत गोळा केले.

त्यातूनच गोधडीला दोन बाजू आल्या. सुलट बाजूला १०० तुकडे, सरळ रांगांत, आईच्या मापाचे, पण मापाबाहेर सोडलेल्या शिवणीसकट. उलट बाजूला पांढऱ्या मलमलीवर ती छाट, वाटेल तशी, एकावर एक चढलेली, कडा न दुमडता तशाच उसवू दिलेल्या. शेजारी टॉवेलच्या शिलाईतून उरलेल्या पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे लेकीच्या स्वतःच्या कामाचं कापड. त्यांवर लाल दोऱ्यानं तिनं आईची ती दोन वाक्यं भरली. अक्षर पेन्सिलीनं हलकं काढायचं आणि उलटटाक्यानं भरायचं. धावदोऱ्यानं जोडाक्षरं तुटक दिसतात, वाचता येत नाहीत. अक्षराची उंची किमान २ सेंटिमीटर ठेवावी, नाहीतर "ळं"सारख्या अक्षरांत गाठी होतात.

तिसरं वाक्य कुणी वाचायचं नव्हतं. ते मलमलीच्या पट्टीवर पेनानं लिहून, घडी करून, दोन थरांच्या मध्ये ठेवून शिवून टाकलं. कागद घालू नये, तो आत चुरतो आणि कुरकुरतो. शाई पसरणार नाही असा मार्कर घ्यावा. ते वाक्य काय होतं हे विचारलं गेलं नाही.

आईबद्दलचं प्रेम आणि भीती एकाच वस्तूत ठेवणं हे काही या लेकीनंच केलेलं नाही. फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार लुईझ बुर्ज्वा (१९११–२०१०) यांची आई जुन्या विणलेल्या भित्तिपटांची दुरुस्ती करायची, आणि लुईझ विशीत असताना, १९३२ मध्ये, ती गेली. पुढं वयाच्या ऐंशीच्या घरात, १९९९ मध्ये, बुर्ज्वांनी जवळजवळ नऊ मीटर उंचीची कोळीण घडवली, पोटात संगमरवरी अंडी असलेली. तिचं नाव त्यांनी 'मामाँ', म्हणजे फ्रेंचमध्ये आई, असंच ठेवलं. तिच्या पायांखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला आडोसाही वाटतो आणि धडकीही भरते. लेकीला तिचा फोटो दाखवला, तो गोधडी अर्धी झाल्यावर. आधी दाखवला असता तर तिनं तसलंच काहीतरी करायचा प्रयत्न केला असता.

बैठक कशी असावी

एक बैठक दीड तासाची, आठवड्यातून दोनदा. पहिली दहा मिनिटं काहीच करायचं नाही, कापड फक्त हातात घ्यायचं. मग तासभर काम. शेवटची वीस मिनिटं आवरायला: सुया मोजून ठेवायच्या, तुकडे डब्यात, डबा कपाटात, हात धुवायचे, चहा-खाणं. हे शेवटचं कुणी टाळू नये. शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोकात माणूस दुःखाकडं जातो आणि परत रोजच्या कामाकडं येतो, आणि हे येणं-जाणंच त्याला सावरतं. सतत दुःखात बसून राहणं नव्हे, आणि सतत टाळणंही नव्हे. डब्याचं झाकण लागलं की ती परत यायची वेळ. शिलाई संपवून थेट टॉवेलच्या ढिगावर बसू नये. अर्धा तास तरी मधे जावा.

वर्षश्राद्ध किंवा पितृपंधरवडा ही तारीख धरून काम पुरं करायचं नाही. पाहुण्यांसमोर मांडायचं म्हटलं की उलट बाजू आपोआप गाळली जाते.

एक गोष्ट मधेच बोलण्यातून पुढं आली. लेक १९८९-९० च्या सुमारास पानं कापत होती. तेव्हा १९८६ चा बालकामगार कायदा लागू होता आणि विडीच्या कामावर चौदा वर्षांखालचं मूल ठेवायला त्यात बंदी होती. पण घरात घरच्याच माणसांबरोबर चालणाऱ्या कामाला सूट होती. म्हणजे तिचं काम कायद्याला दिसतच नव्हतं. हे कळल्यावर तिचा आईवरचा राग कमी झाला नाही, व्हायलाच हवा असंही नाही. पण त्यातला काही भाग आईच्या पलीकडं, हजाराच्या हिशेबाकडं वळला. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा विचारलं, "आईला तरी किती मिळायचे हजाराला?"

इथं थांबायचं

हे काम उपचार नव्हे. आई जाऊन बराच काळ लोटला तरी रोज तीच ओढ किंवा तोच घोर, काम-जेवण-माणसं सगळं सुटलेलं, असं असेल तर दीर्घकालीन शोकविकार तपासायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला किमान सहा महिन्यांची मुदत आहे, अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी बारा महिन्यांची. काम करताना भान हरपणं, मारहाणीचे प्रसंग पुन्हा आत्ताच घडताहेत असं वाटणं, जगू नये असं मनात येणं, यातलं काहीही दिसलं तर सुई त्याच दिवशी खाली ठेवायची आणि मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आणि मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. या लेकीची झोप दोन रात्रींनंतर परत आली, म्हणून काम पुढं गेलं. आली नसती तर थांबवलं असतं.

गोधडी आता तिच्याच घरी आहे. ती धुवायची नाही, उन्हात टाकायची नाही. सहा महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर त्याच रेघेवर कापड चिरतं. भावानं सुलट बाजू पाहिली, उलट पाहिली नाही. दाखवायची की नाही हे लेकीनं ठरवायचंय, आणि तिची "नाही" हीसुद्धा पुरी मानायची. आईला माफ केलं का, असं तिला कुणी विचारलेलं नाही.

कित्येक घरांत आईची वस्तूच उरलेली नसते. कपडे तेराव्यालाच वाटले जातात. तिथं हीच पद्धत थोडी बदलून चालते: आठवणीतलं माप घ्यायचं. आईच्या सुपाचा घेर, जातं, पोळपाट, चुलीसमोरची तिची जागा, यातलं एकच काहीतरी जमिनीवर खडूनं मूळ आकाराचं काढायचं, ते माप कागदावर उतरवायचं, आणि कापड बाजारातून साधं मांजरपाट आणायचं. दोन मीटर पुरतं. आधी ते एकदा गरम पाण्यातून काढून खळ घालवावी, नाहीतर सुई अडते आणि नंतरच्या धुण्यात कापड आटतं.